फुटकी बादली आणि एक खेळाचे सर

(हिंगणा येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'आयटी क्षेत्रातील संधी'. वीस वर्षांहून जास्त काळ मी त्याच क्षेत्रात आहे, तेव्हा विषय चुकीचा नव्हता. पण आजच्या मुलांना त्या संधी त्यांच्या मोबाईलवर माझ्यापेक्षा लवकर कळतात, आणि आपल्यापैकी कुणाला या वयात नवीन नोकरी शोधायची असेल असं वाटत नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी एका खेळाच्या सरांबद्दल बोलणार आहे. शेवटी मेळाव्याच्या निधीबद्दलही बोलणार आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कोणी चहाला उठणार नाही.

सरांचं नाव विजय बारसे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते. तुमच्यापैकी बहुतेकांनी 'झुंड' सिनेमा पाहिला असेल. नागराज मंजुळेंचा, 2022 च्या मार्चमध्ये आलेला. त्यात अमिताभ बच्चन यांनी केलेले विजय बोराडे हे पात्र बारसे सरांवरून घेतलं आहे. सिनेमा नागपुरात चित्रित झाला आणि पडद्यावर आपली 'पोट्टे'वाली भाषा ऐकायला मिळाली म्हणून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सिनेमाला तीन तासांत गोष्ट संपवावी लागते. मला त्या माणसाच्या नोकरीबद्दल, म्हणजे रोजच्या कामाबद्दल बोलायचं आहे.

त्याआधी हिस्लॉपबद्दल एक आपली हिंगण्याची गोष्ट. हे कॉलेज 1883 चं. ज्यांच्या नावाने ते आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी, आणि दगडमातीचा, जुन्या अवशेषांचा नाद असलेला माणूस. 1863 साली ते आपल्याच तालुक्यातल्या टाकळघाटला गेले होते. तिथली प्राचीन शिळावर्तुळं पाहून परत येताना नाल्याच्या पुरात ते बुडाले. टाकळघाटहून रोज सायकलने शाळेत येणारे दोघं आज इथे बसले आहेत. त्यांना तरी हे शाळेत कोणी सांगितलं होतं का, मला शंका आहे. असो.

तर कॉलेजातले खेळाचे सर. आपल्याकडे या नोकरीचं स्वरूप काय असतं ते आपण जवळून पाहिलं आहे. सामान ठेवायच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या की संघाची यादी, फोटो, ओळखपत्रं, प्राचार्यांची सही. कुणाची हजेरी कमी, कुणाचा एक विषय राहिलेला, मग तो खेळू शकतो की नाही यावर चार दिवस कागदपत्रं. संघ घेऊन बसने जायचं, मुलांच्या जेवणाचा हिशोब ठेवायचा, हरून परत यायचं. विद्यापीठाच्या संघात एखादा मुलगा निवडला गेला तर गॅदरिंगमध्ये त्याचं नाव पुकारायचं, सरांचं नाही. स्टाफरूममध्ये त्यांना मान असतो, पण वेळापत्रकात नसतो. परीक्षा जवळ आली की पहिला तास त्यांचाच जातो. पंचवीस-तीस वर्षं हे करायचं आणि निवृत्त व्हायचं. अशी नोकरी केलेली माणसं महाराष्ट्रात हजारोंनी असतील. त्यांच्यावर कोणी लिहीत नाही.

कामानिमित्त मी दोन वर्षं अमेरिकेत मिनेसोटा राज्यात होते, तेव्हा याच्या अगदी उलट टोक ऐकायला मिळालं. ऑफिसातला एक सहकारी तिथल्या सेंट जॉन्स या लहान कॉलेजचा. नावात युनिव्हर्सिटी आहे, पण कॉलेज लहान, ख्रिस्ती साधूंच्या मठाचं. तिथे जॉन गलार्डी नावाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक होते. हे अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळण्याचा खेळ, आपला फुटबॉल नव्हे. गलार्डी 1953 मध्ये तिथे आले आणि 2012 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी निवृत्त झाले. साठ मोसम एकाच कॉलेजात! त्यांच्या नावावर एकूण 489 विजय आहेत. अमेरिकेतल्या कोणत्याही कॉलेज प्रशिक्षकाचे एवढे नाहीत, मोठ्या श्रीमंत विद्यापीठांच्या प्रशिक्षकांचेसुद्धा नाहीत. शाळेत असताना त्यांचे प्रशिक्षक दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले आणि सोळा वर्षांच्या गलार्डींनी संघ स्वतःच चालवायला घेतला, तिथून सुरुवात. सरावात एकमेकांना आडवं पाडायचं नाही, शिट्टी नाही, आणि मला 'कोच' म्हणायचं नाही, 'जॉन' म्हणा, असे त्यांचे नियम. हे ऐकून मी आपल्या पी.टी.च्या सरांना नावाने हाक मारायची कल्पना करून पाहिली. सर, माफ करा, कल्पनेतसुद्धा जमलं नाही.

माझा सहकारी हे सगळं मोठ्या अभिमानाने सांगायचा. मी त्याला म्हटलं, आमच्या नागपूरलाही असे एक सर आहेत. त्याने लगेच विचारलं, किती सामने जिंकले? मला काहीच सांगता आलं नाही. बारसे सरांच्या कामाचं मोजमाप तिथे नाहीच.

2001 सालची गोष्ट. पावसाचे दिवस. बारसे सर हिस्लॉपमध्येच नोकरीला होते. पावसात एका ठिकाणी ते थांबले असताना त्यांना वस्तीतली काही मुलं दिसली. चिखलात, भर पावसात ती एक फुटकी प्लास्टिकची बादली लाथाडत खेळत होती. सरांनी त्यांना फुटबॉल आणून दिला. इथपर्यंतची गोष्ट कुणाही चांगल्या माणसाच्या हातून घडू शकते. चेंडू दिला, बरं वाटलं, घरी गेलो. बारसे सर मात्र त्या मुलांकडे बघत राहिले. जेवढा वेळ ती मैदानावर आहेत तेवढा वेळ दुसऱ्या कशात नाहीत, नशा नाही, मारामारी नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. इतकी वर्षं संघ बांधण्याचं काम केलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते बरोबर सुचलं. त्यांनी स्पर्धा भरवली. नाव ठेवलं 'झोपडपट्टी फुटबॉल'.

या पहिल्या स्पर्धेत 128 संघ उतरले. आता मी इंजिनिअर असल्यामुळे या आकड्यावर थोडं थांबते, तुम्हाला सहन करावं लागेल. एका संघात दहा पोट्टे धरले तरी बाराशे-तेराशे मुलं झाली. बाद पद्धतीने खेळवायचं म्हटलं तरी 128 संघांना 127 सामने लागतात. प्रत्येक सामन्याला पंच पाहिजे, वेळ पाळणारा पाहिजे, चुन्याच्या रेषा पाहिजेत, पाणी पाहिजे. आणि या मुलांच्या घरी कॅलेंडर बघून कोणी पाठवणारं नव्हतं. सामना किती वाजता, कुठल्या मैदानावर, हे वस्तीत जाऊन सांगावं लागणार. मी पंधरा माणसांचा प्रकल्प चालवते, सगळ्यांना पगार आहे, सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, तरी सकाळी दहाच्या मीटिंगला तिघं उशिरा येतात. म्हणून सिनेमातल्या भाषणांपेक्षा मला हा 128 चा आकडा जास्त मोठा वाटतो. ते यादी, ओळखपत्र, बसचा हिशोब वगैरे जे कारकुनी काम त्यांनी नोकरीत इतकी वर्षं केलं होतं, तेच इथे कामाला आलं. नुसत्या कळकळीने 127 सामने होत नाहीत.

'झोपडपट्टी' हा शब्द ज्या मुलांना शिवीसारखा ऐकू यायचा त्यांनाच त्या नावाने मैदानात बोलवायचं, यात सरांचं धाडस होतं. नाव बदललं असतं तर चार सभ्य घरांतली मुलंही आली असती, त्यांच्याकडे बूट असते, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत वस्तीतले संघ बाहेर बसून टाळ्या वाजवत राहिले असते. नावामुळे ते झालं नाही, असं मला वाटतं.

आणि फुटबॉलच का? नागपूरला फुटबॉल परका नाही. कामठीचा रब्बानी क्लब आपल्या वडिलांच्या पिढीलाही माहीत होता. पण मुख्य कारण पैशाचं असावं. क्रिकेटला बॅट लागते, आणि ज्याची बॅट तो पहिली बॅटिंग करतो, आउट झाला की बॅट घेऊन घरी जातो. आपल्या वर्गातला तो कोण, हे मी सांगत नाही, तो समोरच बसला आहे. फुटबॉलमध्ये एक चेंडू आला की वीस जण खेळतात, आणि चेंडू कुणाचा आहे हे पाच मिनिटांत सगळे विसरतात.

पहिल्या वर्षानंतर हे थांबलं नाही. क्रीडा विकास संस्था उभी राहिली, सरांच्या पत्नी रंजनाताई सोबत होत्या. नागपूर शहर, मग बाहेरचे जिल्हे, मग इतर राज्यांतले संघ. निवृत्त झाल्यावर सरांना सुमारे 18 लाख रुपये मिळाले. त्या पैशातून त्यांनी नागपूरजवळ जमीन घेतली, या मुलांना शिकवायला, खेळायला हक्काची जागा असावी म्हणून. आज या कामाला सगळे 'स्लम सॉकर' नावाने ओळखतात. बोखाऱ्याला, म्हणजे आपल्या अगदी विरुद्ध टोकाला, कोराडीच्या बाजूला त्यांचं केंद्र आहे.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची निवृत्ती पंधरा-सोळा वर्षांवर आली आहे आणि त्या पैशाचे बेत घरात ठरलेले आहेत. फ्लॅट, मुलीचं लग्न, मुलाचं परदेशातलं शिक्षण. त्यात काही गैर नाही, माझेही तसेच आहेत. म्हणूनच ते 18 लाख काय होते हे आपल्याला बरोबर समजतं.

त्यांचा मुलगा अभिजीत तेव्हा अमेरिकेत होता. वडिलांच्या कामाबद्दल त्याने तिथे वाचलं, आणि तो परत आला. पुढे संस्थेचा कारभार त्याने सांभाळला. माझ्या पिढीतल्या परदेशी गेलेल्या इंजिनिअरांमध्ये 'परत जायचं आहे' असं म्हणणारे मी खूप पाहिले. गेलेले फार थोडे.

या मुलांना जगाच्या मैदानावर नेणारी एक स्पर्धाही होती. 'होमलेस वर्ल्ड कप' म्हणजे बेघर, वंचित लोकांसाठीचा विश्वचषक 2003 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात सुरू झाला. एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन भाग, छोटं मैदान. वस्तीच्या गल्लीत खेळून तयार झालेल्या मुलाला हा खेळ शिकवावा लागत नाही. भारताचा संघ स्लम सॉकरच्या माध्यमातून तिथे जाऊ लागला. 2010 ला ब्राझीलमध्ये रिओला स्पर्धा झाली तेव्हा भारताचा कर्णधार नागपूरच्या वस्तीतलाच होता. पुढे मुलींचे संघही गेले. यातल्या काही मुलांनी नंतर स्वतः प्रशिक्षक म्हणून लहान मुलांना शिकवायला घेतलं. 2014 मध्ये 'सत्यमेव जयते'मध्ये आमिर खानने हे काम देशाला दाखवलं, 2016 मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला.

पुरस्कारांची यादी मी इथेच थांबवते. मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की खेळलेला मुलगा प्रशिक्षक होतो. आमच्या धंद्यात आम्ही म्हणतो, एखादी प्रणाली नीट बांधली की नाही हे ती बांधणारा सुट्टीवर गेल्यावर कळतं.

सिनेमाबद्दल माझी एक तक्रार आहे. तिथे सरांच्या अंगावर अमिताभ बच्चनचा आवाज आहे. त्या आवाजापुढे समोरचा कोणीही गप्प बसतो. खऱ्या खेळाच्या सरांकडे तो आवाज नसतो. त्यांना ग्राउंडच्या परवानगीसाठी दहा टेबलं फिरावी लागतात आणि 'उद्या या' ऐकून घ्यावं लागतं. पोट्ट्यांची कामं मात्र सिनेमात पहिल्या प्रतीची आहेत, ती नागपूरचीच मुलं असल्यामुळे असेल.

आता आपल्या मैदानाकडे येते. काल संध्याकाळी मी तिथे जाऊन आले. एका बाजूला गाड्या लावल्या आहेत, गोलपोस्टचा एक खांब वाकला आहे, मधोमध गाजरगवत. आपले पी.टी.चे सर निवृत्त झाल्यापासून पूर्णवेळ खेळाचे शिक्षक शाळेत नाहीत, हे मुख्याध्यापकांनीच मला सांगितलं. त्यात त्यांचा दोष नाही, जो तास आहे तो गणिताच्या बाई नाहीतर हिंदीचे सर घेतात, म्हणजे मुलं वर्गात बसून गृहपाठ करतात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान पाहिजे असं लिहिलं आहे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असंही लिहिलं आहे. कागदावर सगळं आहे.

आपल्या वेळी इथे निम्मी मुलं गावातली आणि निम्मी एमआयडीसीतल्या कामगारांची असायची. आज इसासनी, निलडोह, डिगडोहकडच्या वस्त्या किती वाढल्या ते तुम्ही येताना पाहिलंच असेल. आईवडील दोघंही शिफ्टमध्ये. शाळा सुटते साडेपाचला, घरी माणूस येतो रात्री आठ-नऊला. मधले तीन तास मुलांचे काय होतात? मेट्रो लोकमान्यनगरपर्यंत आली, पण त्या तीन तासांसाठी हिंगण्यात काही आलेलं नाही.

आणि मुलींचं काय? आपण खेळत होतो तेव्हा मैदान मुलांचं आणि आपल्या वाट्याला पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा, लंगडीपुरता. बाईंनी आठवीत एकदा आम्हा मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला नेला होता. पहिल्याच सामन्यात हरलो. पण पन्नाशीकडे झुकलेल्या आम्ही अकरा-बारा जणी काल जेवताना अर्धा तास त्याच सामन्यावर बोललो, कोण कशी बाद झाली, कुणी खांब चुकवला. दहावीच्या मार्कांचा विषय एकीनेही काढला नाही.

निधीचा मुद्दा असा. आपण सर्वांनी मिळून जे पैसे जमवले, त्यातून शाळेला संगणक कक्ष आणि मोठा डिजिटल फळा द्यावा असा प्रस्ताव आहे. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून मी त्याच्या बाजूने बोलेन असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि माझं नाव सूचक म्हणून छापलंही गेलं आहे. ते कृपया खोडावं. संगणक पाच-सहा वर्षांत जुना होतो हे माझ्याइतकं इथे कुणाला माहीत नसेल. शाळेत आज दहा संगणक आहेत, त्यातले चार चालतात, आणि चार चालतात कारण बाकीच्या सहांची दुरुस्ती करायला माणूस नाही. आणखी वीस आणले तर त्यांचंही तेच होईल. अडलेलं आहे ते माणसावाचून.

माझा प्रस्ताव साधा आहे. शाळा सुटल्यावर रोज दोन तास मैदानावर उभा राहणारा एक प्रशिक्षक नेमायचा. शक्यतो याच भागातला, खेळलेला, गरज असलेला तरुण किंवा तरुणी. महिन्याला 12 हजार मानधन, वर्षाचे दहा महिने, म्हणजे वर्षाला 1 लाख 20 हजार. तीन वर्षांचे 3 लाख 60 हजार. एवढे पैसे आपल्याकडे जमा आहेत आणि वर उरतात. उरलेल्यातून चेंडू, जाळी, गोलपोस्ट आणि मैदानावरच्या गाड्या बाहेर काढून एक फाटक. मुलींसाठी आठवड्यातले तीन दिवस पूर्ण मैदान, कोपरा नाही. पहिल्या वर्षी स्पर्धा जिंकण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये. किती मुलं रोज येतात याची वही ठेवायची, आणि ती वही पुढच्या मेळाव्यात आपल्यासमोर आणायची.

कुणी म्हणेल, तीन वर्षांनी पुढे काय? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आज माझ्याकडे अर्धंच आहे: दरमहा तीनशे रुपये देणारे चाळीस जण मिळाले तर 12 हजार होतात, आणि या सभागृहात आज चाळीसहून बरीच जास्त माणसं बसली आहेत. बोखाऱ्याला जाऊन त्यांच्याकडून प्रशिक्षकाचं प्रशिक्षण मिळेल का, ते विचारून यायची जबाबदारी मी घेते. पुढच्या शनिवारी जाणार आहे, गाडीत तीन जागा आहेत.

आपले पी.टी.चे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुमच्या हातात आजही शिट्टी नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं. हा ठराव मी दुपारच्या बैठकीत मांडणार आहे आणि त्याला अनुमोदन तुम्ही द्यावं अशी माझी विनंती आहे. बाकीच्यांनी आपली मतं जेवणाच्या आधी सांगावीत. आज पाटोडी रस्सा आहे असं कळलं, त्यानंतर बैठकीला कोण जागं राहील याची मला खात्री नाही.